शेतजमिनीचे स्वामित्व आणि खरेदीदाराचे कर्तव्य

शेतजमीन विकत घेण्यापूर्वी विकणाऱ्याचा हक्क पडताळून पाहणे हे व्यवहारात सावधगिरीचे काम समजले जाते. पैसे बुडू नयेत, कोर्टकचेरी मागे लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू धरला जातो. भारतीय धर्मशास्त्राने मात्र या पडताळणीचा विचार खरेदीदाराच्या दोषादोषाच्या अंगानेही केला आहे. जमीन विकणारा तिचा स्वामी आहे हे कशावरून ठरते, जो स्वामी नाही त्याच्याकडून घेतलेली जमीन घेणाऱ्याची होते का, आणि चौकशी न करता घेणारा निर्दोष राहतो का, हे त्या विचारातील तीन प्रश्न होत.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात हे प्रश्न आजही जिवंत आहेत. यंत्रमागांचे हे शहर मुंबई-नाशिक महामार्गावर आहे आणि आसपासच्या गावांतील भातखाचरांवर गेल्या काही दशकांत गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. समृद्धी महामार्गाचे मुंबईकडील टोक याच तालुक्यात आमणे येथे आहे. त्याचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. जमिनीचा भाव चढला की तिच्यावरचे जुने, विसरलेले हक्कही वर येतात. आगरी आणि कुणबी कुटुंबांची समाईक वहिवाट, वारली-कातकऱ्यांच्या जमिनी, कुळांच्या नोंदी, देवस्थानांची इनामे, वक्फ मिळकती असे नाना प्रकारचे हक्क एकाच तालुक्यात आढळतात. तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रातही मोडतात.

स्वामित्व लौकिक की शास्त्रीय

मालकी म्हणजे काय, याचा महाराष्ट्रात सर्वांत प्रमाण मानला गेलेला विचार विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरे’त आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, अकराव्या शतकाच्या अखेरीस किंवा बाराव्याच्या आरंभी, याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेली ही टीका. दायविभागाच्या आरंभी विज्ञानेश्वर विचारतो: स्वामित्व केवळ शास्त्रावरून कळते, की ते लोकव्यवहारातच सिद्ध असते?

धारेश्वर आदी पूर्वाचार्यांच्या मते स्वामित्व शास्त्रावरून कळते. शास्त्राने सांगितलेल्या मार्गांनी, म्हणजे वारसा, खरेदी, विभागणी इत्यादींनी मिळाले तेच आपले. विज्ञानेश्वर हे मत खोडतो. ज्यांना शास्त्राची ओळखही नाही अशा सीमेपलीकडच्या लोकांतही खरेदी-विक्री चालते आणि हे माझे, ते तुझे असा भेद मानला जातो. तेव्हा स्वामित्व ही लोकव्यवहारातील गोष्ट आहे, असे तो ठरवतो.

यावर एक अडचण उभी राहते. स्वामित्व लोकव्यवहारातच असेल, तर ज्याच्या हातात वस्तू तोच मालक ठरेल आणि माझे धन याने हिरावले असे म्हणायलाही जागा उरणार नाही. विज्ञानेश्वराचे उत्तर असे की, स्वामित्व लौकिक असले तरी ते खरेदीसारख्या ठरावीक कारणांतूनच उत्पन्न होते. ते कारण घडले की नाही याविषयी संशय असेल, तर स्वामित्वाविषयीही संशय राहतो. वस्तू डोळ्यांसमोर असते. ती कोणत्या कारणाने त्या माणसाची झाली ते समोर नसते. म्हणून ते शोधावे लागते. पडताळणीची तात्त्विक गरज येथे आहे. जमीन पाहून आणि कसणाऱ्याला भेटून मालकी दिसत नाही; ती ज्या घटनेतून आली त्या घटनेपर्यंत मागे जावे लागते.

भूमी विकता येते का

जमिनीच्या बाबतीत एक आणखी मूलभूत शंका आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात विश्वजित यज्ञाची चर्चा येते. या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दान करायचे असते. मग सार्वभौम राजाने सगळी पृथ्वी दान करावी का? मीमांसकांचे उत्तर नाही असे आहे. शेतांवर माणसांचे स्वामित्व असू शकते, संपूर्ण पृथ्वीवर कोणाचेही नसते. ती सर्वांना समान आहे.

सतराव्या शतकात नीलकंठ भट्टाने ‘व्यवहारमयूखा’त हाच धागा पुढे नेला. मूळचे पैठणचे आणि काशीत स्थायिक झालेले हे भट्ट घराणे. राज्य जिंकल्याने राजाला करवसुलीचा अधिकार मिळतो, गावे आणि शेते मात्र त्या त्या भूमिधारकांचीच राहतात, असे नीलकंठ सांगतो. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकण या भागांत ‘मयूखा’ला विशेष प्रमाण मानले. भिवंडी उत्तर कोकणातच येते, त्यामुळे हा ग्रंथ या भूमीच्या न्यायपरंपरेचा भाग आहे.

व्यक्तीचे शेत तरी तिला मोकळेपणाने विकता येते का? ‘मिताक्षरे’त उद्धृत झालेल्या एका जुन्या वचनानुसार जमिनीच्या हस्तांतराला सहा गोष्टी लागतात: गावाची, ज्ञातींची (भाऊबंदांची), शेजाऱ्यांची आणि दायादांची (वाटेकऱ्यांची) संमती, शिवाय सोने आणि पाणी यांचे दान. विज्ञानेश्वराने प्रत्येकीचे कारण दिले आहे. गावाची संमती व्यवहार उघड व्हावा म्हणून, शेजाऱ्यांची सीमेचा वाद टळावा म्हणून, ज्ञाती आणि दायादांची पुढे विभक्त-अविभक्ताचा तंटा उठू नये म्हणून. स्थावराच्या विक्रीला निषेध असल्याने विक्रीच करायची झाली तर सोने-पाणी देऊन तिला दानाचे रूप द्यावे, असेही तो म्हणतो.

या नियमात जमीन हे दोघांमधले प्रकरण उरत नाही. विकणारा आणि घेणारा राजी असले तरी तेवढ्याने हस्तांतर पुरे होत नाही. ज्यांचा तिच्याशी संबंध आहे त्यांना ते कळलेले असावे लागते. पुरावा हा कागद असण्याआधी सार्वजनिक स्मरण होता, आणि ते स्मरण टिकवण्यासाठी दगडही वापरला गेला. भिवंडी तालुक्यातील चौधरपाडा येथे शिलाहार राजा दुसरा केशिदेव याचा शके ११६१ चा, म्हणजे इ. स. १२३९-४० च्या सुमाराचा, दानविषयक शिलालेख आहे. उत्तर कोकणात शिलाहारकालीन दानांच्या दगडांवर गाढवाची शापप्रतिमाही कोरलेली आढळते. दिलेली जमीन जो हिरावेल त्याच्यासाठी ती ताकीद असे. ताम्रपट घरात राहतो, असा शापाचा दगड, म्हणजे गधेगळ, शिवारात उभा राहतो आणि अक्षरओळख नसलेल्यालाही समजतो.

आगम आणि भोग

स्वामित्वाचे कारण म्हणजे आगम आणि प्रत्यक्ष वहिवाट म्हणजे भोग. दोहोंत बलवान कोण, हा व्यवहारशास्त्राचा जुना वाद. याज्ञवल्क्य आगमाला वरचढ मानतो; पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या भोगाचा तेवढा अपवाद. त्याच स्मृतीत असेही आहे की, दुसरा आपली जमीन वीस वर्षे भोगत असताना मालक पाहूनही गप्प राहिला तर त्याची हानी होते. विज्ञानेश्वराने या वचनाची धार बोथट केली: हानी होते ती उत्पन्नाची, जमिनीची नव्हे.

आजचा कायदा या ठिकाणी वेगळ्या वाटेने जातो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार मालकाविरुद्ध उघडपणे आणि सलग बारा वर्षे कब्जा चालला आणि मालकाने दावा लावला नाही, तर त्याचा हक्कच संपतो. आगमाचा कागद हातात असूनही भोगामुळे जमीन जाऊ शकते. म्हणून खरेदीदाराला कागदपत्रांबरोबर बांधावर जाऊन कसणारा कोण आहे हेही पाहावे लागते.

याउलट सातबारा उताऱ्याला आगम समजण्याची चूक सर्रास होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ खाली ठेवला जाणारा हा अधिकार अभिलेख. गाव नमुना सातमध्ये धारकाचे नाव आणि इतर हक्क, बारामध्ये पिके. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे या नोंदी उलट सिद्ध होईपर्यंत खऱ्या धरल्या जातात. त्या गृहीत धरल्या जातात, निर्णायक नसतात. फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि नाहीशीही होत नाही. ती सारावसुलीसाठी असते, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा स्पष्ट केले आहे. विज्ञानेश्वराच्या परिभाषेत सांगायचे तर सातबारा हे स्वामित्वाचे चिन्ह आहे, कारण नव्हे. कारण असते खरेदीखत, वाटणी, वारसा, कुळकायद्याखालील विक्री प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा.

अस्वामिविक्रय आणि घेणाऱ्याचा दोष

मालक नसलेल्याने केलेली विक्री, म्हणजे अस्वामिविक्रय, हा मनूने गणलेल्या अठरा विवादपदांपैकी एक आहे. याविषयी स्मृतिकारांची भूमिका थोडक्यात अशी. खऱ्या मालकाला त्याची वस्तू परत मिळावी. घेणाऱ्याने विकणारा दाखवून द्यावा आणि आपली किंमत त्याच्याकडून वसूल करावी. खरेदी उघडपणे झाली असेल तर घेणाऱ्याला दंड नाही, पण वस्तू जातेच. एकांतात, अवेळी, फार कमी किमतीत किंवा ज्याच्याकडे ती वस्तू असणे संभवत नाही अशा माणसाकडून घेतली असेल, तर याज्ञवल्क्य घेणाऱ्याला चोराच्या पंक्तीत बसवतो.

येथे अज्ञानाचे दोन प्रकार वेगळे केलेले दिसतात. शोध घेऊनही न कळलेले एक आणि कळू नये म्हणून शोध न घेतलेले दुसरे. पहिल्यात घेणाऱ्याचे नुकसान होते, दुसऱ्यात नुकसानाबरोबर दोषही लागतो. भाव निम्म्याहून कमी आहे, विकणारा रोख रकमेची घाई करतो, भावाबहिणींना कळू देत नाही, ही लक्षणे दिसत असताना गप्प राहणाऱ्याला माहीत नव्हते असे म्हणता येत नाही.

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा इंग्लंडच्या न्यायविचारातून आला, तरी या मुद्द्यावर तो स्मृतींच्या जवळ येतो. कलम ४१ नुसार, खऱ्या मालकाच्या संमतीने जो वरकरणी मालक म्हणून वावरतो त्याच्याकडून घेणाऱ्याला संरक्षण मिळते. पण हस्तांतर करण्याचा त्याचा अधिकार वाजवी काळजी घेऊन तपासला असेल आणि व्यवहार सद्भावनेने केला असेल तरच. कलम ३ प्रमाणे नोंदलेल्या दस्ताची माहिती खरेदीदाराला आहे असे धरले जाते, मग त्याने तो वाचलेला असो वा नसो. जमिनीवर प्रत्यक्ष कब्जा असलेल्या माणसाच्या हक्काचेही तसेच. जाणूनबुजून चौकशी टाळणारा, कायद्याच्या दृष्टीने, सर्व काही जाणणाराच असतो.

जे बोलू शकत नाहीत त्यांचे हक्क

वीस वर्षांच्या भोगाचा नियम सांगून याज्ञवल्क्य लगेच अपवाद देतो. गहाण, सीमा, ठेव, बालकाचे आणि मतिमंदाचे धन, स्त्रीधन, राजधन आणि श्रोत्रियाचे, म्हणजे वेदाध्यायी ब्राह्मणाचे, धन दुसऱ्याच्या भोगाने बुडत नाही. यांतल्या बालकाला किंवा मतिमंदाला हरकत घेताच येत नाही, आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्या मौनाला संमती म्हणता येत नाही. जमिनीच्या चौकशीचा नैतिक गाभा या अपवादांत आहे. दाराशी येऊन भांडणारा हक्कदार शोधावा लागत नाही. शोध घ्यायचा असतो तो न बोलणाऱ्याचा.

पहिला असा हक्क मुलीबहिणींचा. हिंदू वारसा कायद्यातील ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः सहदायाद मानले. महाराष्ट्राने १९९४ मध्येच त्या दिशेने दुरुस्ती केली होती. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हा हक्क टिकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी ठरवले. वारस नोंदीत फक्त भावांची नावे आणि बहिणींचे हक्कसोड पत्र नोंदलेले नाही, असा सातबारा अपुरा समजावा.

दुसरा हक्क कुळाचा. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारे कूळ जमिनीचे मानीव खरेदीदार झाले. जमीनमालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर ही खरेदी पुढे ढकलली गेली. याज्ञवल्क्याच्या अपवादांची आठवण व्हावी अशी ही तरतूद आहे, आणि तिच्यामुळे काही जुन्या नोंदींत कुळाचा हक्क प्रलंबित राहिला. कुळकायद्याने मिळालेली जमीन विकायला कलम ४३ च्या अटी लागतात. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, विक्री प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असल्यास आकाराच्या चाळीसपट रक्कम भरून ती विकता येते. कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही. म्हणजे पडताळणी विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्याच्याही पात्रतेची असते.

तिसरा हक्क आदिवासींचा. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही, आणि विक्रीसाठी त्या मंजुरीआधी राज्य शासनाची मान्यता लागते. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी वेगळा कायदा झाला. तो सर्वोच्च न्यायालयाने लिंगप्पा पोचन्ना खटल्यात डिसेंबर १९८४ मध्ये वैध ठरवला. राजीखुशीने सही झाली होती, हा बचाव येथे पुरत नाही. दोन्ही बाजू समान बळाच्या नसतील तर संमतीला किती अर्थ, हा प्रश्न कायद्याने आदिवासींच्या बाजूने सोडवला आहे.

चौथा हक्क देवाचा. देवस्थान इनामाच्या जमिनीत मूर्ती ही कायद्याने व्यक्ती असते. पुजारी हा मालक नाही, तो देवाच्या वतीने व्यवस्था पाहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील एका प्रकरणात पुन्हा सांगितले. मूर्तीला हरकत घेता येत नाही, म्हणून पुजाऱ्याने केलेली विक्री तपासण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर जास्त. वक्फ मिळकतीतही मुतवल्ली हा व्यवस्थापकच असतो.

इस्लामी धर्मविचारात जमीन हडपण्याला विशेष पाप मानले आहे. वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात कयामतीच्या दिवशी सात जमिनींचे ओझे पडेल, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. शुफा, म्हणजे विक्रीत अग्रहक्काने जमीन घेण्याचा अधिकार, शाफई परंपरा सहहिस्सेदाराला देते. हनफी परंपरा तो शेजाऱ्यापर्यंत वाढवते. कोकणी मुसलमान शाफई आणि उत्तरेतून आलेले मोमीन विणकर बहुतांशी हनफी असल्याने भिवंडीत दोन्ही विचार नांदतात. ‘मिताक्षरे’तील ज्ञाती आणि शेजारी येथे वेगळ्या वाटेने पुन्हा भेटतात.

चौकशीचा क्रम

या विचाराला व्यवहारात उतरवायचे तर चौकशीला ठरावीक क्रम येतो. प्रथम चालू सातबारा आणि आठ-अ उतारा घेऊन धारकाचे नाव, क्षेत्र आणि भोगवटादार वर्ग पाहावा. वर्ग एकची जमीन सामान्यतः मोकळी, वर्ग दोनची शर्तीची. ‘इतर हक्क’ हा रकाना सर्वांत काळजीपूर्वक वाचावा. कूळ, बोजा, पुनर्वसन, आदिवासी, वन असे शेरे तेथेच असतात. ठाणे जिल्ह्यातील वनाच्या शेऱ्याला विशेष महत्त्व आहे, कारण १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ रोजी अनेक खासगी जमिनी शासनाकडे गेल्या आणि त्यांवरील वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले.

त्यानंतर सातबाऱ्यावरील प्रत्येक फेरफार क्रमांक उलट्या दिशेने उलगडत जुन्या हस्तलिखित उताऱ्यांपर्यंत जावे आणि नाव कधी, कशाने बदलले ते पाहावे. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, आणि तहसील कार्यालयात हे अभिलेख मिळतात. दुय्यम निबंधक कार्यालयात निदान तीस वर्षांचा शोध घ्यावा. वकिलाचा सर्च रिपोर्ट तो हाच. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर किंवा साठेकरारावर मालकी मिळत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात दिला आहे. मुखत्यार विकत असेल तर मूळ मालक हयात असल्याची खात्री करावी आणि मुखत्याराचा अधिकार कायम आहे का ते त्या मालकाकडूनच विचारून घ्यावे. चालू दाव्यांची माहिती दिवाणी आणि महसुली दोन्ही न्यायालयांत काढावी.

मग भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा नकाशा घेऊन मोजणी करावी, लगतच्या खातेदारांसमक्ष हद्दी आणि वाट तपासावी, कसणाऱ्याला तो कोणाच्या वतीने कसतो ते विचारावे. भाताचे खाचर आणि वरकस, म्हणजे हलकी उताराची जमीन, यांचे क्षेत्र वेगळे पाहावे. गाव अनुसूचित क्षेत्रात असेल तर ग्रामसभेचा अधिकार ध्यानात घ्यावा. अखेरीस स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्या. ही नोटीस म्हणजे गावाच्या संमतीच्या जुन्या अटीचे आजचे रूप. शहरातल्या वृत्तपत्रातील बारीक टाइपाची नोटीस मात्र पाड्यावरच्या बहिणीपर्यंत किंवा कुळापर्यंत पोहोचत नाही. म्हणून त्यांना समक्ष भेटल्याशिवाय नोटिशीचा हेतू पुरा होत नाही.

कर्तव्याची मर्यादा

या कर्तव्याला शेवट कोठे, अशी शंका रास्त आहे. प्रत्येक जमिनीचा इतिहास मागे नेला तर कधी तरी जिंकणे, हिसकावणे किंवा निव्वळ ताबा लागतोच. आदिम निष्कलंक मालकी कोठेच सापडत नाही. भारतात शासन मालकीची हमीही देत नाही. निबंधक कार्यालय दस्त नोंदवते, त्यातील हक्क खरा असल्याची ग्वाही देत नाही. तेव्हा पूर्ण निश्चिती मागणे म्हणजे व्यवहारच थांबवणे.

परंपरेचे उत्तर मधले आहे. मुदतीचे नियम, जुन्या दस्तांविषयीची गृहीतके आणि पिढ्यांच्या भोगाला दिलेले बळ हे सगळे शोधाला मर्यादा घालण्यासाठीच आहेत. त्या मर्यादेच्या आत मात्र सूट नाही. खरेदीदाराकडून सर्वज्ञतेची अपेक्षा नसते. ज्यांचा हक्क असू शकतो अशा प्रत्येकाला बोलण्याची खरी संधी त्याने दिली का, एवढेच विचारले जाते. ती दिली असेल आणि तरी दोष निघाला, तर नुकसानीचा दावा विकणाऱ्यावर राहतो आणि घेणारा निर्दोष ठरतो. ती टाळली असेल, तर खरेदीखत नोंदले जाऊनही अस्वामिविक्रयाचा अर्धा भार घेणाऱ्याच्या माथी राहतो. स्वामित्व लोकव्यवहारात सिद्ध होते हे विज्ञानेश्वराचे मत मान्य केले की पुढचे ओघानेच येते: ज्या लोकांच्या मान्यतेने ते सिद्ध होते, त्यांना विचारल्याखेरीज ते हस्तांतरितही होत नाही.